आधी बरगड्या, मग फुप्फुसं

आमच्या विज्ञानाच्या सरांनी श्वसनसंस्थेचा धडा कधी नाकापासून सुरू केला नाही. पुस्तकातला क्रम ठरलेला होता: नाक, घसा, श्वासनलिका, फुप्फुसं, वायुकोश. सर पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. बोटं पुढं, अंगठे पाठीकडं. आता श्वास घ्या." अख्खा वर्ग कोपरं पसरून बसायचा आणि आपले हात बाजूला कसे सरकतात ते बघायचा. मग त्यांचा प्रश्न यायचा: "हवा आत आली म्हणून छाती फुगली, की छाती फुगली म्हणून हवा आत आली?" उत्तर सांगायची त्यांना मुळीच घाई नसायची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि छातीच्या रुग्णांबरोबर काम करते. माझं सगळं काम त्या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला त्याच तासांबद्दल लिहायचं आहे. सरस्वतीपूजन, सहली, स्नेहसंमेलनातली नाटकं यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच.

उत्तर सरांनी दाखवलं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारानंतर. बाजारातून त्यांनी बकऱ्याची फुप्फुसं आणली होती, श्वासनलिकेसकट, आणि टेबलावर केळीचं पान पसरून त्यावर ठेवली होती. घरात मांस-मासे न खाणारी मुलं जरा मागं सरकली. सरांनी कोणाला जबरदस्ती केली नाही, पण एकेकाला जवळ बोलावून श्वासनलिकेवरून बोट फिरवायला सांगितलं. पुढून कडक, मागून मऊ. माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते, तिच्यात कूर्चेच्या १६ ते २० कड्या असतात आणि एकही कडी पुरी गोल नसते, प्रत्येक मागच्या बाजूनं उघडी. मागं अन्ननलिका टेकलेली असते. पुढच्या कूर्चेमुळं हवेची वाट कायम उघडी राहते आणि मागच्या मऊ भागामुळं घास उतरताना अन्ननलिकेला फुगायला जागा मिळते. हे मला कधी पाठ करावं लागलं नाही, कारण ते बोटाला कळलं होतं.

मग सरांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून दोऱ्यानं बांधली, तिला सायकलचा पंप जोडला आणि हळूहळू हवा भरली. मळकट लाल गोळा बघता बघता फिका गुलाबी होत पसरला. पंप काढला तशी फुप्फुसं लगेच आकसली. "बकरा जिवंत असताना श्वास सोडल्यावर ही अशी आकसून का जात नव्हती?" सरांनी विचारलं. वर्गात कोणालाच सांगता येईना.

स्वतःला फुगवून घेईल असा स्नायू फुप्फुसात नाही. फुप्फुस लवचीक आहे, त्याची ओढ सदैव आकसण्याकडं. छातीच्या पिंजऱ्याची ओढ उलट, बाहेर पसरण्याकडं. दोघांमध्ये फुप्फुसावरणाचे दोन पातळ थर आणि त्यांच्या मधोमध अगदी थोडा द्रव. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस छातीच्या भिंतीला धरून राहतं. भिंत सरकली की फुप्फुसाला मागोमाग जावंच लागतं, आतली जागा वाढते, दाब उतरतो आणि हवा आपोआप आत येते. शांतपणे श्वास सोडल्यावर या दोन ओढी एकमेकींना तोलून धरतात आणि मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत साधारण २ ते २.५ लिटर हवा उरते. साध्या श्वासात आपण आतबाहेर करतो ती जेमतेम अर्धा लिटर. पुढं बेळगावला शिकत असताना अपघातातल्या एका रुग्णाचा एक्स-रे पाहिला. तुटलेल्या बरगडीनं आवरण फाडलं होतं, मधल्या पोकळीत हवा शिरली होती आणि एका बाजूचं फुप्फुस मुळाशी गोळा होऊन बसलं होतं. सोबतचे विद्यार्थी वही काढून लिहून घेत होते. मला केळीच्या पानावरची ती फुप्फुसं दिसत होती.

बरगड्या कशा हलतात ते दाखवायला सरांनी विहिरीवरची पत्र्याची बालदी वर्गात आणली. बालदीच्या अंगाला टेकलेली कडी त्यांनी सावकाश उचलली. वर येताना ती बाजूलाही सरकली. खालच्या बरगड्या तशाच वर आणि बाहेर जातात, छाती रुंद होते. वरच्या बरगड्यांचं निराळं आहे. त्या उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, पुढं-वर ढकलतात आणि छातीची खोली वाढते. या सगळ्याखाली श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा; शांत श्वासातलं बरंचसं काम त्याचंच. ते आकुंचन पावून खाली उतरतं आणि पोट पुढं येतं. त्याची मज्जातंतू मानेतून येते, तिसऱ्या ते पाचव्या मानेच्या मुळांपासून, आणि म्हणून मानेत फार वर इजा झाली तर श्वासच थांबतो.

बरगड्या मोजायलाही सरांनीच शिकवलं. गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली आणायचं. चार-पाच सेंटिमीटरवर उरोस्थीवर आडवा उंचवटा लागतो. तिथं जोडलेली ती दुसरी बरगडी. पहिली गळपट्टीच्या हाडाखाली लपलेली असते. तिथून खाली मोजत जायचं. आमच्या वर्गात हिंदू मुलं होती तशी ख्रिस्तीही होती, आणि पुरुषाला एक बरगडी कमी असते ही समजूत दोन्हीकडं पक्की होती. सर कोणाच्या श्रद्धेला बोलले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की बाई असो वा पुरुष, जोड्या १२ : वरच्या ७ थेट उरोस्थीला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या कूर्चेच्या आधारानं, शेवटच्या २ पुढून मोकळ्या.

उरोस्थीवरच्या त्याच उंचवट्याच्या पातळीवर आत श्वासनलिका दुभंगते आणि प्रत्येक फुप्फुसाकडं एक फांदी, म्हणजे श्वसनी, जाते. उजवी श्वसनी रुंद, आखूड आणि जास्त उभी आहे, त्यामुळं लहान मुलांच्या श्वासात गेलेला दाणा बहुतेक वेळा उजवीकडं सापडतो. जत्रेतले चणे, शेंगदाणे, काजू लहान मुलांच्या हाती देऊ नका, असं मी पालकांना सांगते ते याचसाठी.

आपली शाळा गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातली. २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी ज्यांनी ही वाट तुडवली त्यांना खनिजाचे ट्रक आणि खिडक्यांवरची लाल धूळ वेगळी सांगायला नको. नाकातले केस, ओला श्लेष्मा आणि श्वासमार्गातले सूक्ष्म रोम मोठे कण अडवतात आणि घशाकडं परत लोटतात. सुमारे ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ मात्र वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या शेवटच्या इवल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचते, आणि तिथं रोम नसतात. रुमालावर लाल डाग दिसतो ती अडलेली धूळ. आत जाते ती न दिसणारी, आणि धुळीत सिलिका असेल तर नुकसान भरून येत नाही. या भागातल्या जुन्या कामगारांची छाती मोजपट्टीनं मोजताना श्वास घेतल्यावरही माप फारसं वाढत नाही, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नाही.

कोविडच्या काळात गावातून सारखे फोन यायचे. पालथं झोपा म्हटलं की वडीलधाऱ्यांना ते खुळ्यासारखं वाटायचं. मी कारण सांगायची: फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडं असतो, उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार त्याच्यावर येतो, पालथं झालं की तो भाग मोकळा होतो. कारण कळलं की माणसं ऐकतात, अगदी ऐंशीच्या घरातली आजीसुद्धा.

माझी एक वर्गमैत्रीण आज जवळच्या गावात अंगणवाडी चालवते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या आणि मऊ असतात, त्यामुळं बाळ मुख्यतः श्वासपटलानं, म्हणजे पोटानं श्वास घेतं. न्यूमोनियात फुप्फुस ताठर झालं की ही मऊ भिंत श्वास घेताना खालच्या बाजूनं आत ओढली जाते. ती प्रत्येक आजारी बाळाचं झबलं वर करून आधी तेच बघते. मग बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजते: दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, की थेट आरोग्यकेंद्राची वाट. छाती आत ओढली जात असेल तर ती आकड्यासाठी थांबत नाही. नव्या मदतनिसांना ती हे शिकवते, आणि सुरुवात त्यांचेच हात त्यांच्या बरगड्यांवर ठेवून करते.