मोदी खोल्याकाठची चौतारी

नेपाळमधल्या बिरेठांटीहून निघून तास-दीड तास झाला असेल. जायचं होतं ते घांद्रुक गाव सुमारे २,००० मीटरवर, म्हणजे अजून बराच चढ बाकी होता आणि माझा भाता आत्ताच फुलला होता. खाली मोदी खोला, म्हणजे मोदी नदी, घोंघावत होता. वळणावर वड आणि पिंपळ एकमेकांत गुंतलेले दिसले आणि त्यांच्याभोवती दगडी पार. अगदी आपल्या गावचा! सॅक टाकली आणि वरच्या पायरीवर ऐसपैस मांडी घातली.

नेपाळीत याला चौतारी म्हणतात. ही सिमेंटशिवाय रचलेली, दगडावर दगड. दोन पायऱ्या कशाला, हे मागून एक दाइ, म्हणजे दादा, आले तेव्हा कळलं. पाठीवर कोबी आणि तांदळाच्या पोत्याने भरलेला डोको, म्हणजे वेताबांबूची निमुळती टोपली, आणि तिचा सगळा भार कपाळावरच्या नाम्लोवर, त्या रुंद पट्ट्यावर. (डोको डोक्याने वाहतात, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.) ते चौतारीकडे पाठ करून उभे राहिले, गुडघे किंचित वाकवले, टोपलीचा बूड बरोबर वरच्या पायरीवर टेकला. मग पट्टा कपाळावरून सरकवला. ओझं जमिनीवर ठेवायचं नाही, पुन्हा उचलायचंही नाही. मी बसलो होतो ती जागा माणसाची नव्हतीच. मुकाट्याने खाली सरकलो.

चौतारी नसेल तिथे काय? त्यांनी हातातली काठी दाखवली. टोक्मा. वर आडवी मूठ; डोक्याखाली, म्हणजे डोकोखाली, उभी केली की उभ्याउभ्या विसावा.

अशा चौताऱ्या बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या नावाने, पुण्यासाठी बांधतात. इथेही एक शिळा होती. अक्षरं देवनागरी, पण झिजलेली. '…को सम्झनामा', म्हणजे '…च्या आठवणीत', एवढंच लागलं. नाव गेलं होतं.

वड-पिंपळ शेजारी लावून त्यांचं लग्नही लावतात म्हणे. आपल्याकडे पिंपळावर मुंजा बसतो, इथे पिंपळाचंच लग्न! मराठीत दोघेही पुल्लिंगी, त्यामुळे नवरी कोण हे विचारणार होतो, तेवढ्यात सिलिंडर भरलेली जीप धुरळा उडवत वर गेली. आता घांद्रुकच्या बाजूला गाडीरस्ता झालाय. दाइंनी तोंडावर गमछा धरला, धूळ बसू दिली, नाम्लो कपाळावर चढवला आणि गुडघे सरळ केले.