बदकाच्या आतड्यातली झालर

आजचा अख्खा दिवस मायक्रोस्कोपपाशी गेला. इथे कॅनडात शिकारीच्या हंगामात लोक मॅलार्ड बदकांची आतडी लॅबला आणून देतात. बहुतेक फ्रीझरमधली. त्यात पट्टकृमींची, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंतांची, पंचाईत होते: डोक्यावरचे हुकासारखे आकडे गळून पडतात आणि आकड्यांची संख्या, आकार, लांबी यावरच तर जात ठरते!

पण आज एक ताजं आतडं मिळालं. कापल्याबरोबर पांढरीशुभ्र, चुणीदार झालर दिसली. फिंब्रिएरिया फॅसिओलॅरिस हा पट्टकृमी! निसर्गअभ्यासक पीटर सायमन पालासने १७८१ मध्ये वर्णन केलेला. ही झालर म्हणजे खोटं डोकं, आतड्याला धरून ठेवायला. खरं डोकं तिच्या टोकाशी, इतकं बारीक की सहसा तुटून हरवतंच. आज सापडलं. काचेखाली दाबून आकडे मोजले, बरोब्बर दहा. मी खुर्चीतच टाळी वाजवली, शेजारचा दचकला.

बदकांना हा मिळतो पाण्यातल्या सायक्लॉप्ससारख्या बारक्या कवचधारी जीवांतून. सायक्लॉप्स म्हटलं की मला नारू हा जंत आठवतो. तोही पायविहिरींच्या पाण्यातून ह्याच सायक्लॉप्समार्फत माणसात यायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तरी आमची आजी पाणी वस्त्रगाळ केल्याशिवाय माठात ओतत नाही.