टॉर्वमवरची वांगी: दोन गेली, पण खुंट निर्दोष

मंगळवारी सकाळी सात नंबर मान टाकून उभा. पानं हिरवीगार, एक डाग नाही, माती ओली. संध्याकाळी तीन नंबरनंही तेच केलं. चवथीआधी टॉर्वम या रानवांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुडख्यावर, बांधलेल्या वांग्याच्या 10 कलमांतली ही दोन. टॉर्वमच्या खुंटावर मर (हिरवं झाड उभ्या उभ्या सुकवणारा रोग) येत नाही असं तुम्हाला सांगत सुटलो होतो, त्यामुळे पोटात गोळाच आला.

सात नंबर उपटला. सांध्याच्या वरचा खोडाचा तुकडा ग्लासातल्या पाण्यात टांगला. मिनिटभरात दुधाळ धागा खाली उतरू लागला. राल्स्टोनियाच, मर आणणारा जिवाणू! मग सांध्याखालचा टॉर्वमचा तुकडा दुसऱ्या ग्लासात. 10 मिनिटं डोळे लावून बसलो, पाणी नितळ. आत जिवाणू अजिबात नसतील असं नाही, पण टॉर्वम त्यांना पसरू देत नाही. साध्या वांग्यात मात्र ते बेसुमार वाढतात, त्यांच्या चिकट स्रावानं जलवाहिन्या तुंबतात आणि झाड ओल्या मातीत तहानेनं मरतं.

मग खुंट शाबूत असताना जिवाणू वर पोचले कसे? मुळं धुताना दिसलं. सांध्याच्या वरून, म्हणजे वर बांधलेल्या आगशीच्या (गोव्यातलं गाव) वांग्यातूनच, चार बारीक मुळं फुटून थेट मातीत शिरलेली. टॉर्वमला वळसा घालून चोरवाट! माती तिथवर आणली आईनं. मी दोन दिवस पणजीला होतो, तेवढ्यात तिनं सगळ्या रोपांना छान भर दिली. वर मलाच विचारते, "भर न देता वांगं कसलं रे?"

उरलेल्या आठांची माती खरवडली. पाच नंबरची दोन मुळं स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं छाटली. त्याचं काही खरं नाही. नऊ नंबरला मात्र पहिली दोन जांभळी फुलं आलीत, सकाळी चहा घेऊन तिथंच उभा असतो.

कलमाचा सांधा धरायला ऑनलाइन मागवलेल्या सिलिकॉन क्लिपा ढिल्या निघाल्या, पैसे पाण्यात. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे चिरलेले तुकडे त्यापेक्षा घट्ट बसतात.

नवा वाफा खणून सगळं पुन्हा मांडायचा बेत होता, पण हे लिहितानाच सुचलं. ट्रेमध्ये चार टॉर्वम उरलीत. (बी वांग्याच्या महिनाभर आधी टाकूनही ती अजून वीतभरच, इतकी आळशी.) ती तशीच जागेवर लावतो आणि रुजून वाढली की गुडघ्याच्या उंचीवर वांग्याच्या काडीची पाचर मारून कलम बांधतो. मग आईला हवी तेवढी भर देऊ दे.