पाठकुळीवरची आजी

26 जुलै 2025, शनिवार, रात्री साडेअकरा

श्रावणातला पहिला शनिवार, त्यात सुट्टी. दुपारी भाचा आला. त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "मावशी, आज तुझ्या ऑफिसवरचा पिक्चर बघू." आणि लावला 'शिन गॉडझिला', 2016 चा जपानी सिनेमा. मला वाटलं, एक अजस्र प्राणी येईल, इमारती पाडेल, आणि संपेल. पण सुरुवातीला बघते तर बैठकाच बैठका.

गेली बावीस वर्षं मी बैठकांची इतिवृत्तं लिहिते, त्यामुळे मी सरसावूनच बसले. टोकियोच्या उपसागरात पाणी उकळतंय, समुद्राखालच्या बोगद्यात गळती लागलीय, आणि पंतप्रधानांच्या कार्यालयात एक बैठक उठवून तीच माणसं दुसऱ्या दालनात दुसऱ्या नावाच्या बैठकीला बसतात. तीन नामवंत प्राध्यापकांना बोलावतात, तिघांकडूनही कामाचं एक वाक्य निघत नाही. पंतप्रधान टीव्हीवर लोकांना सांगतात, हा प्राणी जमिनीवर येणार नाही. तेवढ्यात कोणीतरी येऊन त्यांच्या कानात सांगतं, तो आलाय.

भाचा हसत होता. मला हसू आलं नाही. ही माणसं वाईट नसतात, कामचुकारही नसतात. खालून कागद आल्याशिवाय वर सही होत नाही आणि वरून तोंडी आदेश आला तरी खाली लेखी लागतो, एवढंच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. पाणी मात्र कागदाची वाट बघत नाही.

मग तो प्रसंग आला. हेलिकॉप्टरं नेम धरून उभी आहेत, गोळीबाराचा हुकूम तोंडावर आलाय, आणि वैमानिकाला खाली रेल्वे फाटकापाशी माणसं दिसतात. एक माणूस एका म्हातारीला पाठकुळी घेऊन रूळ ओलांडतोय. वैमानिक वर कळवतो, तो त्याच्या वरच्याला, तो आणखी वरच्याला, शेवटी संरक्षणमंत्री पंतप्रधानांकडे वळून विचारतात. पंतप्रधान म्हणतात, थांबवा. आपल्या सैन्याच्या गोळ्या आपल्याच माणसांवर चालवता येणार नाहीत. त्या थांबण्याची किंमत टोकियोनं पुढे भयंकर मोजली. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हातारीची खबर देशाच्या प्रमुखापर्यंत पोचली होती.

26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या महापुराला आज बरोबर वीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही कुर्ल्याला मिठी नदीच्या जवळ बैठ्या चाळीत राहायचो. मी त्या दिवशी फोर्टात ऑफिसात होते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. एकाच शहरात. आमच्या खिडकीतून तर नेहमीचाच पाऊस दिसत होता. गाड्या बंद झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही म्हटलं, होतील तासाभरात सुरू.

तिकडे दादानं आजीला पाठकुळी घेतलं होतं. पाणी त्याच्या छातीला लागलेलं. समोरच्या इमारतीचा जिना गाठेपर्यंत आजीनं त्याची मान अशी आवळून धरली होती की तिच्या बांगडीचा वळ त्याच्या गळ्यावर चार दिवस राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी, ज्यांना आम्ही कधी ओळखतही नव्हतो, आजीला कोरडं लुगडं नेसवलं, चहा पाजला. दादा त्यांच्या फोनवरून मदतीचा एक नंबर फिरवत राहिला. नुसती घंटी वाजायची. मग फोनही गेला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत पोचले. पुढचे कित्येक दिवस मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक ऐकत होते. ते खोटं नव्हतं. त्या बाईंचं ऋण मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते कौतुक ऐकलं की मला तो वाजत राहिलेला फोन आठवतो. लोक एकमेकांना धरून उभे राहतात म्हणून फोन न उचलणं माफ होत नाही.

आणि पाऊस काही समुद्रातून उगवलेला राक्षस नव्हता. 1985 च्या पुरानंतर अभ्यास झाला, 1993 मध्ये मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी आपली गटारं 50 पेलतील अशी करा, असं त्यात सांगितलं होतं. 2005 उजाडलं तेव्हा त्यातलं बरंचसं कागदावरच होतं.

सिनेमाचा उत्तरार्ध मला म्हणूनच जास्त भावला. मंत्रिमंडळच मारलं जातं. मागे उरतात ते वेगवेगळ्या खात्यांतले हट्टी, कोणाशी न पटणारे अधिकारी आणि अभ्यासक. त्यांच्यासाठी एका खोलीत झेरॉक्स मशीन, फोन, कॉम्प्युटर येऊन पडतात आणि सांगितलं जातं, इथं हुद्दा बघायचा नाही, बोला. ही माणसं खुर्चीत झोपतात, उठून परत आकडेमोड करतात. शेवटी त्या प्राण्याला जागीच गोठवतात, तेही बांधकामाच्या काँक्रीट पंपांनी तोंडात औषध ओतून. 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीवर पाणी मारायला असेच पंप आणले होते, ती जखम या सिनेमाभर आहे. आणि त्याआधी त्याच्या पायांवर स्फोटकं भरून सोडतात त्या रोजच्या लोकल गाड्या! लोकलवर जगणाऱ्या माणसाला ते बघताना काय होतं, ते मला नीट लिहिता येत नाही.

आणखी एक. पडद्यावर येणाऱ्या जवळपास प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा खाली लिहून येतो, एक वाक्य बोलणाऱ्याचासुद्धा. भाच्याला त्याचा कंटाळा आला. मी मात्र ते वाचत होते, कारण माझ्या इतिवृत्तात शेवटी नेहमी एकच ओळ असते: "सर्व संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी." ही ओळ मी किती वेळा टाइप केली असेल! त्या रात्री दादाचा फोन ज्यानं उचलायचा होता तोही असाच कुठल्यातरी कागदावरचा 'सर्व संबंधित' असणार.

आई पलंगावरून अर्धवट बघत होती. मधेच म्हणाली, "ती म्हातारी पोचली का गं?" सिनेमात ते मला कुठे दिसलं नाही. मी म्हटलं, "पोचली असेल." आई म्हणाली, "असेल काय? बघ ना नीट." मी मागे नेऊन फाटकाचा प्रसंग पुन्हा लावला. आम्ही दोघी बघत राहिलो.

सोमवारी गेल्या बैठकीचं इतिवृत्त साहेबांपुढे ठेवायचंय. पावसाळ्यात ऑफिसच्या तळमजल्यावर पाणी शिरतं, तिथल्या पंपाचा विषय आहे. शेवटची ओळ खोडून मी दोन रकाने आखलेत, नाव आणि तारीख. साहेबांना विचारणार आहे, इथं कोणाचं नाव घालू?