काहीही खातो, नको ते थुंकतो

स्युडोमोनास या जिवाणूची प्लेट, म्हणजे तो वाढवलेली चपटी बशी, ओळखायला मशीन लागत नाही. इन्क्युबेटरचं दार उघडलं की द्राक्षांचा गोडसर वास येतो आणि कळतं, आज कुणाच्या तरी जखमेत नाहीतर फुप्फुसात हे महाशय मुक्कामाला आहेत. (प्लेट नाकाशी धरून हुंगायची नाही, हे मी प्रत्येक नव्या टेक्निशियनला बजावते. हा वास न बोलावता येतो.) मग प्लेट उजेडात तिरकी धरायची. पसरट कॉलनी, वेड्यावाकड्या कडा, वर धातूची झाक. जिवाणू वाढवायच्या फिकट पिवळ्या म्युलर-हिंटन अगारमध्ये हिरवा रंग पार खालपर्यंत उतरलेला. ऑक्सिडेज चाचणीच्या कागदावर कॉलनी घासली की दहा सेकंदांच्या आत जांभळा डाग. स्युडोमोनास एरुजिनोसा, या कुळातली माणसाला त्रास देणारी जात. पुढच्या चाचण्या करायच्याच असतात, पण मनातल्या मनात रिपोर्ट लिहून झालेला असतो.

तो हिरवा रंग दोन रंगद्रव्यांचा. निळं पायोसायनिन पेशींना अपाय करतं आणि पिवळसर पायोव्हर्डिन आसपासचं लोह पकडून जिवाणूला आणून देतं. जखमेवरच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात, याचा माग काढताना कार्ल जेसार्द या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये हा जिवाणू वेगळा केला.

रिपोर्टवर हे नाव आलं की नातेवाईक इंटरनेटवर शोधतात आणि घाबरून जातात. त्यांना मी एवढंच सांगते की धडधाकट माणसाच्या वाटेला हा सहसा जात नाही. भाजलेली कातडी, व्हेंटिलेटरची नळी, लघवीचा कॅथेटर, केमोथेरपीने घटलेल्या पांढऱ्या पेशी, सिस्टिक फायब्रोसिसमधला चिकट कफ, अशी कुठेतरी फट लागते. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांनी मात्र घाबरावंच. बुबुळावरची याची जखम फार झपाट्याने वाढते.

माझं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. हा जगतो कशावर? याला वेगळा काढण्यासाठी आम्ही जे माध्यम वापरतो, त्यात सेट्रिमाइड असतं. जखमा धुवायच्या अँटिसेप्टिकमध्ये असतं, तेच. बाकीचे बहुतेक जिवाणू त्यात मान टाकतात, हा मजेत वाढतो. डिस्टिल्ड वॉटरमध्येही वाढलेला सापडतो. सिंकच्या खालच्या वाकड्या पाइपात बायोफिल्मचा बुळबुळीत थर करून हा बसतो आणि वरून नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर पुन्हा वॉर्डात येतो. याचा जीनोम २००० साली पूर्ण वाचला गेला. सुमारे ६३ लाख बेस-जोड्या आणि साडेपाच हजारांच्या वर जनुकं. एका जिवाणूच्या मानाने हा संसार मोठा आहे, आणि त्यातला बराचसा भाग ‘आज समोर काय आहे, काय खायचं, कशाला बाहेर काढायचं’ हे ठरवण्यात खर्च होतो.

‘बाहेर काढायचं’ यातच सगळी मेख आहे. एरुजिनोसाच्या आवरणातून औषध आत शिरतं तेच मुळात कष्टाने. शिरलंच तर आवरणात बसवलेले पंप ते उपसून बाहेर टाकतात. गळक्या होडीतलं पाणी न थांबता उपसत राहावं तसे. म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन, कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकांच्या डिस्क (औषध मुरवलेल्या कागदी चकत्या) आम्ही याच्यासाठी लावतच नाही, उत्तर ठरलेलं असतं. सेफ्टाझिडाइम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकॅसिन लावायच्या आणि डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जिवाणू न वाढलेली जागा, दिसतंय का बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या यादीत कार्बापेनेमला (मेरोपेनेम ज्यातलं, त्या औषधगटाला) दाद न देणाऱ्या एरुजिनोसाला सर्वांत वरच्या गटात ठेवलं होतं, २०२४ मध्ये तो एक पायरी खाली आला. आमच्या बेंचवर तरी त्याने फार फरक पडलेला नाही.

आता याचा भाऊबंद बघा, पुटिडा. हा मातीत राहतो आणि टोल्युईन, नॅफ्थलीन असले पदार्थ पचवतो. टोल्युईन पेशीचं आवरणच विरघळवतं, मग हा मरत कसा नाही? तर याच्याकडेही पंप आहेत. टोल्युईनमध्ये तग धरणाऱ्या पुटिडाचा एक पंप विद्रावक बाहेर फेकतो, आणि तोच पंप काही प्रतिजैविकंही बाहेर फेकतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. ज्या गुणामुळे एक जण प्रदूषण साफ करतो, त्याच गुणामुळे दुसरा आयसीयूत आमच्या नाकीनऊ आणतो. ‘चांगले जिवाणू, वाईट जिवाणू’ असे दोन रकाने आखणारे लेख मला म्हणूनच पटत नाहीत.

आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेलाचे निरनिराळे घटक खाण्याची क्षमता देणारे चार प्लास्मिड (जिवाणूतले डीएनएचे सुटे तुकडे) एकाच स्युडोमोनासमध्ये आणले. त्यावरचा पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. माणसाने घडवलेल्या सजीवाचं पेटंट घेता येतं, हे तिथे ठरलं. गंमत अशी की समुद्रावरचं तेल साफ करायला तो जिवाणू कधी उतरवलाच गेला नाही. कायद्याच्या पुस्तकात मात्र अजरामर झाला.

याच कुळातला फ्लुरोसन्स शेतकऱ्यांच्या ओळखीचा. बीजप्रक्रियेत वापरला तर मुळांभोवती वस्ती करतो, लोह स्वतःकडे ओढून रोगकारक बुरशीची उपासमार करतो. नाकातला एमआरएसए (बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू) घालवायला वापरतात ते म्युपिरोसिनचं मलमही याच्याकडूनच मिळालं. आणि तरी दुधाच्या धंद्यातली माणसं याच्या नावाने बोटं मोडतात. थंड केलेल्या कच्च्या दुधात हा वाढतो, उकळल्यावर मरतो, पण याची काही विकरं उष्णतेला पुरून उरतात आणि टिकाऊ दूधसुद्धा कडू करतात. आणखी एक भाऊबंद, सिरिंजी, पिकांवर रोग आणतो आणि शून्याखाली दोन अंशांच्या आसपासच पाण्याचा बर्फ करतो, म्हणून कृत्रिम बर्फ पाडायला त्याची प्रथिनं कामी येतात.

आमची ज्युनिअर परवा म्हणाली, “मॅडम, इतका कामाचा आहे तर कारखान्यात एरुजिनोसाच का वाढवत नाहीत?” प्रश्न बरोबर होता. एरुजिनोसा ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतो. तो निसर्गात सहज विघटन पावतो, त्यामुळे स्वच्छतेच्या उत्पादनांना हवाच आहे. पण रोगकारक जिवाणूच्या टाक्या भरून ठेवायला कोण तयार होणार? म्हणून त्याची ती जनुकं काढून पुटिडाच्या निरुपद्रवी वाणात घालतात आणि काम पुटिडाकडून करून घेतात. तिने लगेच विचारलं, मग पुटिडाचे पंप? ते असतातच. ऱ्हॅम्नोलिपिड पेशीत साचून चालत नाही, ते बाहेर पडायला हवं, आणि असल्या आवरण फोडणाऱ्या रसायनांत टिकून राहण्याची सवय पुटिडाला आधीपासूनच आहे. त्याला या कामावर घेण्याचं तेही एक कारण.