मिशीच्या पट्ट्यावरून पटलेली ओळख

गुलाबाच्या कळ्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चढला होता. तो पुसायला फडकं घेऊन गेले, तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी कळीसमोर हवेत एका जागी थांबलेलं. गांधीलमाशी समजून मी हात मागे घेतला. मग फोटो काढून मोठा करून पाहिला. पंखांची एकच जोडी! गांधीलमाशीला दोन असतात. डोक्यावरच्या शृंगिका अगदी आखूड, डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं. म्हणजे ही माशीच, आणि तिला नांगी नसते. हॉव्हरफ्लाय, आपल्याकडे शेतीच्या लिखाणात जिला सिरफिड माशी म्हणतात, ती.

जात ठरवताना मात्र दोन संध्याकाळी गेल्या. मी पिवळ्या पट्ट्यांची तुलना करत बसले होते आणि खरी खूण होती काळ्यात. पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागावर दोन-दोन काळे पट्टे: मागच्या कडेला जाड आणि त्याच्या पुढे एक बारीक, मिशीसारखा. ही मिशी दिसली आणि नाव पक्कं झालं, एपिसिर्फस बाल्टिएटस. बाल्टिएटस म्हणजे पट्टा बांधलेली. स्वीडनचे कीटक-अभ्यासक डी गीर यांनी १७७६ मध्ये या जातीचं वर्णन केलं. माझी मादी होती; नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, हिच्या डोळ्यांमध्ये फट होती.

मादी माव्यापाशी का घुटमळत होती, तेही कळलं. पानामागे तांदळाच्या कणीएवढी पांढरी अंडी होती. मग मावा तसाच राहू दिला. काही दिवसांनी तिथे बिनपायांच्या, पारदर्शक अळ्या दिसल्या. आतली चरबी आणि काळसर आतडं बाहेरून दिसायचं. रात्री टॉर्च लावून पाहिलं, तर एका अळीने मावा तोंडात धरून वर उचलला होता. तो पाय झाडत होता, ती शोषत होती. थोड्या वेळाने नुसतं कातडं खाली टाकलं. एक अळी वाढीच्या काळात असे शेकडो मावे संपवते. प्रौढ माशीचं मात्र मकरंद आणि परागकणांवर भागतं, आणि अंडी पिकायला मादीला पराग लागतातच.

दोन अळ्या पानासकट बरणीत ठेवल्या. कोष करण्याआधी त्यांनी काळा, डांबरासारखा मळ टाकला. घाबरले होते, पण ते नेहमीचंच असतं. पाण्याच्या थेंबासारखे कोष झाले. नवव्या दिवशी पहिल्यातून माशी निघाली, फिकट, पंख चुरगळलेले. मिशी उमटायला दुपार झाली.

दुसऱ्या कोषाला भोक पडलं आणि बाहेर आली एक काळी, बारीक कंबरेची परजीवी गांधीलमाशी. मागच्या पायांवर काळा, पांढरा आणि लाल रंग. तिचं नाव डिप्लाझॉन. तिच्या आईने आपलं अंडं माझ्या अळीच्या आत कधीच घातलेलं होतं. वाईट वाटलं, खरंच. तरी बरणी उघडून दोघींना गुलाबापाशीच सोडलं.