ओबर्लिन: एका मतानं वळलेलं गाव

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या नैऋत्येला सुमारे 55 किलोमीटरवर ओबर्लिन आहे. 1833 मध्ये जॉन शिपर्ड आणि फायलो स्टुअर्ट यांनी गाव आणि विद्यालय (आजचं ओबर्लिन कॉलेज) एकत्रच वसवलं. जागा म्हणजे पाणी न निचरणाऱ्या चिकणमातीवरचं दाट जंगल. मुलांनी रोज काही तास झाडं तोडावीत, शेत कसावं आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी योजना होती. पण अशा जमिनीत शिकाऊ हातांच्या कामातून शेताचाच खर्च निघेना, आणि ती पद्धत हळूहळू मोडली.

पहिल्या दोन वर्षांतच तिजोरी रिकामी झाली. सिनसिनाटीच्या लेन सेमिनरी या धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेतून गुलामगिरीविरोधी विद्यार्थी बाहेर पडले होते. ते आले तर न्यूयॉर्कच्या टॅपन बंधू या व्यापाऱ्यांचा पैसा येणार होता, पण कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा लागणार होता. फेब्रुवारी 1835 मध्ये विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या निर्णायक मतानं दार उघडलं. तत्त्व आणि गरज अशी एकाच टेबलावर आली, यामुळे त्या निर्णयाचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही.

मुलींचं दार मात्र अर्धंच उघडलं. 1837 मध्ये चार मुली पदवीच्या वर्गात बसल्या आणि त्यांपैकी तिघी 1841 मध्ये पदवीधर झाल्या. मुलांचे कपडे धुणं, इस्त्री करणं, शिवणं हे काम मुलींकडेच होतं. सोमवारी धुण्यासाठी तास बंद असत. पुढे स्त्री-हक्कांसाठी लढलेल्या ल्युसी स्टोनला 1847 च्या पदवीदान समारंभासाठी निबंध लिहायला सांगितला, पण तो वाचणार होता पुरुष. तिनं लिहायलाच नकार दिला. 1883 मध्ये, पन्नाशीच्या उत्सवात, तिला त्याच गावानं भाषणाला बोलावलं. 1862 मध्ये मेरी जेन पॅटरसन इथून बी.ए. झाली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते.

गावाची पहिली सार्वजनिक शाळा 1836 ची. तिथे काळी-गोरी मुलं एकाच खोलीत शिकत. ती छोटी इमारत आज संग्रहालयाचा भाग आहे.

सप्टेंबर 1858 मध्ये पळून आलेल्या जॉन प्राइसला गुलाम पकडणाऱ्यांनी शेजारच्या वेलिंग्टनला नेलं. ओबर्लिनचे विद्यार्थी, दुकानदार मागोमाग गेले आणि हॉटेलातून त्याला सोडवून आणलं. 37 जणांवर आरोप ठेवले गेले; खटला चालून दोषी ठरले दोघंच, सायमन बुशनेल आणि चार्ल्स लँगस्टन. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांत या गावच्या माणसांनाही मोजायला हवं.

1885 चा पदवीधर चार्ल्स हॉल घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) विरघळवून वीज सोडत असे. सुरुवातीला हाती लागायचा तो निव्वळ करडा थर, कारण मातीच्या मुशीतली सिलिका द्रावणात उतरत होती. मुशीला आतून कार्बनचं अस्तर लावलं, आणि 23 फेब्रुवारी 1886 ला तळाशी ॲल्युमिनियमचे चकचकीत गोळे मिळाले. प्राध्यापक फ्रँक ज्युएट यांनी त्याला साहित्य आणि मार्गदर्शन दिलं होतं. 1914 मध्ये हॉल गेला तेव्हा त्याच्या मोठ्या संपत्तीतला तिसरा हिस्सा कॉलेजला मिळाला. मधल्या चौकातल्या इमारती काढून तिथे बाग ठेवावी, ही अटही त्याच मृत्युपत्रात होती. त्या मोकळ्या 13 एकरांना आज टॅपन स्क्वेअर म्हणतात.